फोल्डस्कोप: विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळेत कितपत कामाचा?

मुंबईतल्या ६० मुलांच्या वर्गात सूक्ष्मदर्शक एकच असला, तर प्रत्येकाला अर्धा मिनिट देऊनही ३५ मिनिटांच्या तासिकेतली ३० मिनिटं रांगेतच संपतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी घडवलेला फोल्डस्कोप, म्हणजे घड्या घालून जोडायचा कागदी सूक्ष्मदर्शक, तिथे खरोखर उपयोगी पडतो. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते, २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील कळतो, आणि कागद भिजून लगदा होणारा नाही.

कार्यशाळेत मात्र जोडलेले फोल्डस्कोप वाटू नयेत. घड्या शिक्षकांनीच घालाव्यात. पहिल्या वेळी ३०-४० मिनिटं लागतात, ती लागू द्यावीत. नाहीतर वर्गात बिघडलेला दुरुस्त करता येत नाही. सगळं काळं दिसलं, तर भिंग आणि उजेडाचं छिद्र एका रेषेत नाही. धूसर दिसलं, तर फोकसची पट्टी केसाएवढीच सरकवायची. घाईत नेमकी जागा निसटते. डोळा भिंगाच्या अगदी जवळ हवा. खिडकीतून आकाशाकडे धरावा, सूर्याकडे कधीच नाही.

नमुना म्हणून कांद्याचा पापुद्रा उत्तम. मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा, ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. मोठा घेतला की घडी पडते. टिंक्चर आयोडीन पाच पट पाण्यात मिसळून एक थेंब, आणि कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) तिरकी टेकवून सोडायची. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे येतात, आणि काळ्या कडेचा तो गोल हमखास ‘पेशी’ म्हणून वहीत उतरतो!

खरं प्रशिक्षण इथून पुढे. पाहण्याआधी शिक्षकांनी अपेक्षित चित्र काढावं, मग दिसलेलं. पहिल्यात बहुधा हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) असतात, कारण पुस्तकातल्या वनस्पतीपेशीत ती आहेत. कांद्याच्या पापुद्र्यात ती नसतातच. तो भाग प्रकाशसंश्लेषण करत नाही. लगेच मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान दाखवावं, हिरवे ठिपके स्पष्ट दिसतात. हा फरक स्वतः पाहिलेला शिक्षक वर्गात आकृती उतरवून देत नाही, आधी प्रश्न विचारतो.

दह्यातल्या जिवाणूंचा हट्ट नको. ते जेमतेम मायक्रॉनभर जाडीचे. हे भिंग तिथे कमी पडतं, त्यासाठी शाळेचा सूक्ष्मदर्शकच काढावा.

एका दिवसाच्या कार्यशाळेवर थांबू नये. तीन आठवड्यांनी मुलांच्या वह्या घेऊन पुन्हा बसावं. सगळ्या आकृत्या सारख्या निघाल्या, तर त्या फळ्यावरून उतरवलेल्या आहेत.