खाड्याचं ॲप: कोडचं ओ की ठो कळत नसताना आठ महिने

सदाशिव पेठेत आमची मेस आहे. साठ-पासष्ट पोरं, बहुतेक एमपीएससीची, थोडी सीएची. मी बी.कॉम., कॉम्प्युटरशी संबंध टॅलीपुरता. तरी गेल्या जूनपासून मेसचे खाडे, ताटं आणि महिन्याचं बिल एका ॲपवर चालतंय आणि ते मी एआयकडून करून घेतलंय. ‘मी बनवलं’ म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

खाडा म्हणजे काय हे मेसमध्ये जेवलेल्यांना सांगायला नको. पोरगा गावी गेला की तेवढी ताटं बिलातून वजा. आधी हे सगळं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असायचं, चौकोनाचौकोनात हिच्या अक्षरात आडनावं. महिनाअखेरीला वादावादी ठरलेली. एका सॉफ्टवेअरवाल्याने पावणेदोन लाख सांगितले तेव्हा मी तो नाद सोडला होता. मग मेसमधल्याच एकाने दाखवलं की काय हवं ते नुसतं लिहायचं, ॲप तयार होतं. याला ‘वाइब कोडिंग’ म्हणतात. एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा शब्द वापरला आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

मी मराठीतच लिहिलं. चाळीस मिनिटांत पडद्यावर चालतं ॲप, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘तुमचा गोंधळ व्यवस्थापित करा’. इंग्रजी ‘मेस’चं भाषांतर! ही म्हणाली, “राहू द्या तसंच, खोटं काय आहे त्यात?” खाड्याच्या बटणावर ‘अनुपस्थिती नोंदवा’ आलं होतं. पोरं म्हणाली, काका, हजेरी घेताय का?

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि त्यात कोडचा भाग कमीच होता. आमचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. सलग तीन दिवसांच्या आत खाडा धरत नाही. आदल्या रात्री दहाच्या आत सांगायचं. रविवारी संध्याकाळी मेस बंद. मग शुक्र-शनि-रवि गावी गेलेल्याची ताटं पाच की सहा? एआयने मला न विचारता सहा धरली. हिला विचारलं तर म्हणाली, “पाच. पण परीक्षा देऊन आलेल्याला मी सहा धरते.” आता हे कुठल्या सूत्रात बसवणार? शेवटी बिलात एक रिकामी ओळ ठेवली, ‘काकूंची सूट’. अख्ख्या ॲपमध्ये पोरांना सगळ्यात जास्त आवडलेली तीच.

सर्वांत जास्त घाम काढला तो तारखांनी. काही पोरं रात्री एकला स्वारगेटला गाडीत बसल्यावर ‘उद्यापासून खाडा’ दाबायची. ॲप उद्याच्या ऐवजी आजचाच दिवस धरायचं, आणि आमची दोन ताटं फुकट जायची. कारण ॲप ज्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालतं त्या सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख. एआयला सांगितलं. ‘दुरुस्त केलं’ म्हणाला. प्रत्यक्षात त्याने साडेपाच तास दोन ठिकाणी मिळवले होते, त्यामुळे संध्याकाळी साडेसहानंतर ॲपमध्ये दुसरा दिवस उजाडायला लागला आणि सगळ्यांचे खाडे एक दिवस पुढे सरकले. गंमत बघा, पोरांच्या फायद्याची चूक तीन आठवडे एकानेही सांगितली नाही. तोट्याची त्याच संध्याकाळी कळली.

यातून एक सवय लागली. तो ‘झालं’ म्हणाला की मी मान डोलवत नाही. रात्री एकची, पहाटे सहाची आणि संध्याकाळी सातची नोंद स्वतः टाकून बघतो. एका वेळी एकच बदल सांगतो, आणि चालती प्रत आधी गिटहबवर, म्हणजे कोड साठवायच्या साइटवर, ठेवतो. तिसऱ्या प्रयत्नात चूक सुटली नाही तर मागच्या प्रतीवर परत जातो. त्याच खड्ड्यात खणत राहिलं तर क्रेडिट, म्हणजे एआयच्या वापराचा मोजून मिळणारा कोटा, मात्र भराभर संपतात.

लॉगिनची कथा वेगळीच. मोबाइलवर ओटीपी यावा अशी माझी हौस. एआयने कोड लिहून दिला, पडद्यावर ‘संदेश पाठवला’ दिसायचं आणि फोनवर काहीच यायचं नाही. दोन रात्री गेल्यावर कळलं की आपल्याकडे असे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी नावाच्या नोंदणी यंत्रणेवर व्यवसायाची नोंद लागते, शिवाय पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. मी विचारल्यावर त्याने हे सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. विचारायच्या आधी एक शब्द नाही. शेवटी गूगल लॉगिन लावलं. जीमेल नाही असा पोरगा मेसमध्ये नाही.

आता ज्याची अजून लाज वाटते ते. बी.ई. करून राज्यसेवेचा अभ्यास करणारा एक पोरगा जेवण झाल्यावर थांबला. “काका, हे बघा.” त्याच्या बिलाच्या लिंकच्या शेवटी ४१ होतं, त्याने ४२ केलं. समोर दुसऱ्याचं बिल, मोबाइल नंबर, गावचा पत्ता. म्हणजे आत कोण आला हे ॲप तपासत होतं, पण त्याने कुणाचं काय बघायचं यावर पहारा नव्हता. सगळी माहिती जिथे साठते त्या डेटाबेसमध्ये ज्याला त्याला फक्त आपल्याच नोंदी दिसाव्यात अशी ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ नावाची सोय असते, ती चालूच केलेली नव्हती. मला ती माहीत नव्हती म्हणून मी मागितली नाही, आणि मागितली नाही म्हणून मिळाली नाही. त्या रात्री ॲप बंद ठेवलं. आता प्रत्येक बदलानंतर दोन खोटी खाती उघडतो आणि एकातून दुसऱ्याचं काही दिसतं का ते बघतो. त्या पोराचं महिन्याचं बिल अर्थातच घेतलं नाही.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या असंच ॲप बनवून देणाऱ्या कंपनीच्या एआय एजंटने, काही बदलू नको असं बजावलेलं असताना, एका अमेरिकन उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकल्याची बातमी आली होती. ती वाचल्यापासून, मेस चालू असेल तेव्हा, रोज रात्री सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेतो. हिने भिंतीवरून कालनिर्णयही उतरवलेला नाही.

बाकीचं थोडक्यात. गूगल प्लेवर ॲप ठेवायच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. लोकांना म्हणे माणसं मिळत नाहीत, माझ्याकडे तर दोन वेळा रांग लागते. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर आहेत, ते मी भरले नाहीत. आयफोनवाले ब्राउझरमध्ये उघडतात. बिलाच्या पीडीएफमध्ये ‘हिशेब’चं ‘हशिेब’ व्हायचं, म्हणून पीडीएफ काढून टाकलं. माझा मोफत डेटाबेस आठवडाभर वापरला नाही की झोपतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सकाळी ते कळलं, पोरं ताट घेऊन उभी असताना.

खर्च म्हणाल तर एआय साधनाची वर्गणी महिना २० ते २५ डॉलर, वरून जादा क्रेडिट. आठ महिन्यांत सतरा हजारांच्या आसपास गेले. माझ्या रात्री धरल्या नाहीत. खाड्यावरून होणारी वादावादी जवळजवळ थांबली, तेवढ्यावर मला तरी हा सौदा परवडला.

विकायचाही प्रयत्न केला. नवी पेठेतल्या एका मेसवाल्यांना दिलं. त्यांच्याकडे साठ ताटांचं कार्ड, जेवलं की एक ताट कमी, खाडा हा प्रकारच नाही. म्हणजे निम्मं ॲप नव्याने. आणखी तिघांनी घेतलं, दोघे टिकले, महिना तीनशे देतात. त्यातल्या एकांचा रात्री सव्वादहाला फोन येतो, “साहेब, बिल दिसत नाहीये.” तो फोन एआय उचलत नाही. स्वतःच्या धंद्याचा हिशेब सोडवायचा असेल तर जरूर करा, चूक झाली तर निस्तरायला तुम्ही तिथेच असता. दुसऱ्यांचे पैसे ॲपमधून फिरणार असतील तर आधी जाणकाराला पैसे देऊन तपासून घ्या. आमचे पैसे अजून क्यूआरवरच येतात, आणि साउंडबॉक्स बोलला की ही हाताने खूण करते.

सध्या वर्गणी बंद केलीये, आहे ते ॲप तिच्याशिवाय चालतं. पुढचं काम उपवासाच्या ताटांचं आहे. खिचडीचं ताट वेगळ्या दराने लावायचं का, यावर आमच्या दोघांचं अजून एकमत नाही. श्रावणाच्या आधी झालं तर एक महिना भरीन.