छत साठ चौरस मीटरचं, थाप दीड लाख लिटरची

तुमच्या छतावरून वर्षाला १,५३,००० लिटर पावसाचं पाणी मिळेल, असं टाक्या विकणाऱ्या एका माणसाच्या छापील कागदावर होतं. हा आकडा मला पाठ झालाय, कारण याच आकड्यावर विश्वास ठेवून आमचे ९६,००० रुपये गेले. असाच छापील कागद घेऊन कुणी तुमच्या दारात आला तर पैसे काढण्याआधी हे वाचा.

आम्ही दहिवडीच्या पुढं वस्तीवर राहतो. तालुका माण, जिल्हा सातारा. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं बऱ्या साली साडेचारशे-पाचशे. तोही जून-जुलैत नुसता भुरभुरतो. पडलाच तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीचा. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही टँकरकडं डोळे लावून बसलो होतो, तेव्हा हा माणूस आला. बोलायला गोड. आल्याआल्या सासूबाईंच्या पाया पडला. पत्र्याचं माप घेतलं, वीस बाय बत्तीस फूट, म्हणजे साठ चौरस मीटर. मग पिशवीतून कागद काढला. "वहिनी, तुमच्या या पत्र्यावरनं वर्षाला दीड लाख लिटर वाया जातंय. पाच-पाच हजारांच्या चार टाक्या बसवा, टँकरला कायमचा रामराम."

दीड लाख लिटर ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढं काय आलं ते सांगते: दावणीला आणखी एक गाय. पतसंस्थेतून कर्ज काढलं, टाक्या आल्या, आणि जुलैत गायही आणली.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. ऑगस्ट कोरडा गेला. चारपैकी एक टाकी कशीबशी अर्धी झाली. फोन केला की त्याचं एकच उत्तर, "पाऊस कमी झाला, त्याला मी काय करू?" आणि मला ते खरं वाटत होतं. दोष पावसाचाच, असं धरून आम्ही गप्प बसलो.

गणपतीला कोकणात, लांज्याला धाकट्या बहिणीकडं गेले. तिच्याकडंही आदल्या साली त्यानंच टाकी बसवली होती. त्याला आमचा पत्ता मिळाला तोही तिच्याकडूनच. तिनं बिलाची पिशवी काढली, तर आत तोच कागद. साठ चौरस मीटर, १,५३,००० लिटर. तिचं घर आमच्या दीडपट आहे, तरी मापही तेच आणि आकडाही तोच. "ताई, हा तर सगळ्यांना एकच कागद वाटतोय," ती म्हणाली. माझे हातपाय गार पडले.

तिच्या मुलानं तिथंच हिशेब करून दाखवला. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. त्यातलं थोडं पन्हळीतून सांडतं, थोडं पत्र्यावरच सुकतं, आणि पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडूनच द्यायचं असतं. कोकणातला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरून ६० गुणिले ३००० केलं, त्यातून पंधरा टक्के वजा केले, की बरोब्बर १,५३,००० येतात. आमचा ४५० धरून वीस टक्के सोडले तर २१,६००. तेही बऱ्या साली! माणसांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला पन्नास लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना बारा हजार लागतात. म्हणजे पावसाळ्यातला खर्च जाऊन आम्हाला तीन टाक्या पुरल्या असत्या. गाईंचा तर यात प्रश्नच येत नव्हता.

आणि बहिणीला त्यानं काय दिलं होतं? दोन हजार लिटरची एकच टाकी. "तुमच्याकडं रोजच पाऊस, भरतच राहील." ती जूनमध्येच भरून वाहायला लागते आणि पाऊस थांबला की नोव्हेंबरअखेर तळ दिसतो. मार्चपासून विहीर आटते तेव्हा टाकी कोरडी ठणठणीत. जिथं छतावरून पाणी धो-धो येतं तिथं टाकी मोठी हवी, कारण साठवायचं असतं ते उन्हाळ्यासाठी. आमच्याकडं मुळात छतच कमी पडतं. तिथं टाक्या वाढवून पाणी वाढत नाही. माझी अजून एक विनंती आहे, पाऊस आपल्याच महसूल मंडळाचा बघा. कृषी खात्याच्या 'महारेन' संकेतस्थळावर तो मिळतो. एक साल बघू नका, वाईट सालंही बघा.

टाक्यांचा मालही खोटाच निघाला. पांढऱ्या, "तीन थरांच्या" म्हणून दिल्या होत्या. भर दुपारी झाकण घट्ट लावून, पाइपाच्या भोकातून आत पाहिलं तर पाणी कंदिलासारखं उजळलेलं. उजेड आत जातो म्हणूनच तर शेवाळ धरत होतं. नळासाठी भोक पाडताना निघालेली चकती पोरानं खेळायला ठेवली होती, ती शोधून काढली. कडेला बोट फिरवलं: एकच थर, पांढरा, मधे उजेड अडवणाऱ्या काळ्या थराचा मागमूस नाही. आयएसआयचा शिक्का होता, पण त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला तर सापडलाच नाही. खाली सपाट काँक्रीटचा ओटा न करता मुरमावरच टेकवल्या होत्या. एप्रिलमध्ये एकीला बुडाशी चीर गेली. मेच्या वळवानं दुसरी रिकामी टाकी उचलून ओढ्यात नेऊन टाकली.

त्यानं जीएसटीचं बिल दिलं नव्हतं, वहीच्या पानावर सही करून दिली होती. पैसे मात्र आमच्या ह्यांनी बँकेतूनच पाठवले होते, तेवढा पुरावा हातात राहिला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, त्यांनी नीट समजावून सांगितलं. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते हेही तेव्हाच कळलं. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला.

गाय ऑक्टोबरातच विकली, घेतली त्यापेक्षा कमी पैशात. कर्जाचे हप्ते चालू आहेत. अर्जाच्या फाइलीत लांज्याचा कागद आणि आमचा कागद एकाच टाचणीत लावलाय, आणि पाकिटात ती चकती.