कणकुंबीकडचा मध, सात महिने वापरून

मिरगाच्या आधी बेळगावात गणपत गल्लीच्या तोंडाला टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून एक बाटली घेतली. सहाशे रुपये. बाटली जुनी सरबताची, बुचावर प्लास्टिक बांधलेलं, लेबल नाही. "कणकुंबीकडचा हाय गे बाय, रानातला," एवढीच काय ती हमी.

मी लगेच शेजारच्या चहावाल्याकडून पेलाभर पाणी आणून थेंब सोडला. तो सरळ तळाला गेला. मी खूश! मावशी हसल्या, "साखरेचा घट्ट पाकबी बुडतोय की." खरंच आहे. पाणी, काडी, मुंग्या, कागद, या घरगुती परीक्षांतल्या कशानेच पाकाची भेसळ पकडता येत नाही. आपल्याच मालाची परीक्षा खोटी म्हणणारी बाई खरी असावी, असं वाटलं. आणि लगेच वाटलं, हीच तिची युक्ती नसेल कशावरून?

चव गडद, मागून थोडी कडवट. पोळीवर झकास, चहात नको.

डिसेंबरच्या थंडीत अर्धी बाटली दाणेदार झाली. "साखर खाली बसली!" म्हणत मी तावातावाने बाजारात गेले, चार माणसांसमोर बोलले. मावशींनी बाटली हातात फिरवली आणि म्हणाल्या, "कोमट पाण्यात ठेव. उकळू नको." ठेवली, विरघळला. नंतर कळलं, मधातलं ग्लुकोज थंडीत असं गोठतंच. त्यावरून भेसळ ठरत नाही. शुद्धताही ठरत नाही म्हणा.

मला बोचलं ते वेगळंच. आमच्या फळीवर कंपनीची चकचकीत बाटली वर्षानुवर्षं असायची, तिच्यासाठी मी कधी पेलाभर पाणी घेतलं नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने जाहीर केलं, 13 ब्रँडचे मध तपासून घेतले, सगळ्या चाचण्यांत टिकले फक्त 3. ती बातमी मी वाचली होती आणि तरी तीच बाटली आणत राहिले. संशय घेताना मी मधापेक्षा लुगडंच जास्त बघितलं होतं.

तर हा मध शुद्ध आहे का? छातीठोक सांगणार नाही, प्रयोगशाळेत दिलेला नाही. दोन तक्रारी मात्र आहेत: बुचातून गळतो, आणि तळाला मेणाचे कण येतात, गाळून घ्यावा लागतो. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन बाटल्या सांगून ठेवल्यात. त्या दिवशीचं बोलणं मागे घेते म्हणाले, तर मावशी म्हणाल्या, "चार माणसांत बोललीस, चार माणसांत सांग की." म्हणून हे लिहिलं.