पहिल्या भेटीसाठी इअरप्लग: लूप एंगेज घ्यावेत की फोमची जोडी?

नाशिकच्या कॉलेज रोडचं भरलेलं कॅफे म्हणजे ७५ ते ८० डेसिबलचा मामला. ऑटिझम असलेल्या अनेकांच्या कानावर मिक्सर, सरकणाऱ्या खुर्च्या, शेजारच्या टेबलावरचं हसणं आणि समोरच्याचं बोलणं सारख्याच जोराने आदळतं. आवाज-प्रकाशाचा असा त्रास २०१३च्या डीएसएम-५ (मानसिक निदानाचं अमेरिकी मार्गदर्शक पुस्तक) पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही आहे. पण लग्नासाठी भेटायला आलेल्या माणसाला हे माहीत नसतं. त्याला दिसतात ती तुटक उत्तरं आणि टेबलावर खिळलेली नजर. मग घरी निरोप जातो, ‘रस दिसत नाही.’ म्हणून इथे इअरप्लग तपासले आहेत ते झोपेसाठी नाही, अशा भेटीसाठी.

आधी आकडे. लूप एंगेज म्हणजे कड्यासारखा दिसणारा, पुन्हा वापरायचा प्लग. त्याचा एसएनआर, म्हणजे आवाज किती कमी होतो ते सांगणारं युरोपीय माप, १६ डेसिबल. थ्रीएम कंपनीच्या ११०० या नारिंगी फोमच्या प्लगचा ३७. फोमच्या खोक्यावर एनआरआर २९ असंही छापलेलं असतं, ते अमेरिकी माप. एसएनआरची तुलना एसएनआरशीच करायची, नाहीतर हिशेब चुकतो.

फोम बारीक, उंच पट्टीचे आवाज सर्वांत जास्त गिळतो. स, श, च, ट यांची धार त्याच आवाजांत असते, त्यामुळे समोरचा तोंडात रुमाल धरून बोलतोय असं वाटतं. भेटीसाठी फोम बाद. एंगेजमध्ये आवाजाला पोकळ कड्यातून वाट ठेवलेली आहे, त्यामुळे बोलणं बऱ्यापैकी शाबूत राहतं.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. प्लग गोंगाट आणि बोलणं दोन्ही कमी करतो, त्यामुळे शब्द जास्त स्पष्ट ऐकू येत नाहीत. कमी होतो तो नुसता मारा, आणि थकवा उशिरा येतो. बोलणं कळायचं तर जागाच नीट निवडावी लागते: पाठीमागे भिंत, स्वयंपाकघर आणि स्पीकरपासून लांब, आणि शक्यतो शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून.

दुसरी अडचण स्वतःच्या आवाजाची. कान बंद झाला की आपलाच आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस नकळत हळू बोलायला लागतो. बोलण्याची पट्टी सांभाळणं आधीच जड जात असेल, तर हे अडचणीचंच. चावण्याचा आवाजही तसाच घुमतो. मिसळीबरोबरचा पापड आणि फरसाण यांना त्या दिवशी सुट्टी द्या, इडली किंवा कॉफी बरी. घुमणं फारच जाणवलं तर गोंगाटाच्या बाजूच्या एकाच कानात प्लग ठेवून पाहावा. एंगेजच्या कानात जाणाऱ्या मऊ टोप्यांचे चार आकार येतात, दोन्ही कानांचं माप एकच असेल असं नाही. दर वेळी सैल होऊन निघणारा प्लग बहुतेक वेळा आकार चुकल्यामुळे निघतो.

एंगेज कड्यासारखा दिसतो म्हणून तो लपतो असंही नाही. बसताबसताच सांगून टाकावं: ‘गोंगाटाचा मला त्रास होतो म्हणून हे घातलंय, तुमचं बोलणं ऐकू येतंय.’ न सांगितल्यास हेडफोन लावून बसल्याचा ग्रह होतो. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये मांडलं तसं, ऑटिझम असलेला माणूस आणि इतर यांच्यातलं न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं. प्लग त्यातली एकच बाजू हलकी करतो.

लग्न ठरलंच, तर वरातीला मात्र फोमच हवा. नाशिक ढोलासमोर १६ डेसिबल म्हणजे काहीच नाही. कोरड्या, स्वच्छ हाताने फोम लांब आणि बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. अर्धाच आत गेला तर खोक्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. एका कार्यक्रमानंतर तो टाकायचा. सातपूर-अंबडकडे कारखान्यांसाठी सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा, तिथे फोमची जोडी अगदी स्वस्तात पडते. एंगेजला त्याच्या कित्येक पट पैसे लागतात, पण तो धुऊन पुन्हा वापरता येतो.

गाडीवर बसण्याआधी दोन्ही प्रकार काढायचे. आणि घरी शांततेत दिवसभर घालून बसायचं नाही, सततच्या बंदोबस्ताने कान आणखी हळवे होऊ शकतात.