सिडनीतला गरवण्याचा कॉम्बो: काठी झकास, रोलरने छळलं

कॉम्बो म्हणजे मासे गरवायची काठी आणि तंगूस गुंडाळायचं रील एकत्र. काठीला पाचपैकी साडेचार तारे, रीलला दोन, आणि रीलवरच्या लाइन रोलरला शून्य. सात फुटी, दोन तुकड्यांची, ३ ते ५ किलोची ओढ सोसणाऱ्या तंगूसासाठीची काठी आणि २५०० साइजचं रील, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते परत लिहीत बसत नाही. मोठ्या दुकानांच्या भिंतीवर असे कॉम्बो ओळीने टांगलेले असतात, त्यातलाच सेलमधला हा एक. मला बोलायचंय ते रोलरबद्दल.

रीलची तारेची कमान जिथे संपते तिथे एक छोटीशी चकती असते, तिच्यावरून तंगूस वळून आत गुंडाळला जातो. ती फिरायला हवी. खारं पाणी लागून ती जाम झाली की तंगूस तिच्यावरून फिरत नाही, घासत जातो. बाहेरून काहीच कळत नाही, रील छान गुंडाळत राहतं. मला कळलं ते सिडनीच्या उत्तरेला ब्रुकलिनच्या धक्क्यावर, चांगला हातभर फ्लॅटहेड मासा धक्क्याच्या कडेपर्यंत आणल्यावर. तंगूस टप्पकन तुटला. गाठ सुटल्याची खूण नाही, स्विव्हल, म्हणजे गळाच्या आधीची फिरती कडी, तीही गेली, म्हणजे तंगूस मधूनच तुटलेला. शेवटचे काही वाव बोटांतून ओढून पाहिले तर खरखरीत, पांढरट, आणि पीळ पडून वेटोळं झालेले. मग मोबाइलच्या टॉर्चमध्ये रोलर पाहिला. कडेला हिरवट क्षार साचलेला, आणि चकतीवर एकाच जागी बारीक खाच. सबंध कॉम्बोमध्ये सगळ्यात स्वस्त भाग कुठला असेल तर हाच, आणि मासा जातो तो याच्यापायी.

आता जे नवीन आलेत आणि "गरवायला काय लागतं" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी. आमच्या देवगडला दोर, गरी, शिसं आणि दुपारची फुरसत एवढ्यावर काम भागतं. इथे न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, समुद्रात, खाडीत, नदीत कुठेही गळ टाकायचा तर आधी फी. मी भरली तेव्हा वर्षाला ३५ डॉलर, तीन वर्षांची एकदम ८५. मी तीन वर्षांची घेतली, २० डॉलर वाचले. अठराच्या आतल्या मुलांना लागत नाही. डॉलरचे रुपये करायचे नाहीत असं मी कितीदा ठरवलंय, पण समुद्रात गळ टाकायचे पैसे भरताना गुणाकार आपोआप होतो. तरी एक मान्य आहे: हे पैसे मनोरंजनासाठीच्या मासेमारीच्याच निधीत जातात, आणि धक्क्यांवर मासे साफ करायची टेबलं, खडकांवर बुडणाऱ्यासाठी लावलेली तरंगती कडी यांवर ते खर्च झालेले दिसतात.

आम्ही वेंटवर्थविलला राहतो, म्हणजे जवळचं पाणी पॅरामॅटा नदीचं. सुंदर नदी, बसायला बाकं, धक्के, सगळं आहे. फक्त मासा खायचा नाही! ही नदी सिडनीच्या बंदराला मिळते, आणि तिथल्या हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा, कोळंबी, खेकडा काहीही खाऊ नका, असा सरकारचा स्पष्ट सल्ला आहे. पुलाच्या पूर्वेलासुद्धा साधारणपणे महिन्याला १५० ग्रॅमच, म्हणजे एका माणसाचं एक जेवण. गाळात डायॉक्सिन आहे, त्यापायी बंदरातली व्यावसायिक मासेमारी २००६ सालीच बंद झाली. या विषाचा मोठा भाग नदीकाठच्या ऱ्होड्सच्या रासायनिक कारखान्यांतून आला आणि त्यांत यूनियन कार्बाइडचा कारखाना होता. होय, भोपाळवालीच. पकडून सोडून देण्यात लोकांना आनंद मिळतो, मिळो. माझ्या घरी मसाला वाटून तयार असतो.

त्यामुळे ट्रेन. स्ट्रॅथफील्डला गाडी बदलून हॉक्सबरी रिव्हर स्टेशन, म्हणजे ब्रुकलिनच, उतरलं की पाणी समोरच. नाहीतर पुढे वॉय वॉय. शनिवार-रविवारी ओपल कार्डावर दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, म्हणून लांबचं परवडतं. काठीला साडेचार तारे आहेत ते इथेच. दोन तुकडे वेगळे करून डब्यात पायाशी ठेवते, कितीदा कुणाचा तरी पाय पडला, एकदा दारात अडकली, तरी फायबरग्लासचं टोक हूं की चूं नाही. तंगूस ओवायची एकही कडी निखळलेली नाही. महागड्या कार्बनच्या काठ्या अशा आदळआपटीत टिकत नाहीत. खडकांवरून टाकायला मात्र ही काठी नेऊ नका, आखूड पडते. आणि खडकांवर लाटेने ओढून नेलेल्यांच्या बातम्या इथे दरवर्षी येतात. २०१६ च्या कायद्याने ठरावीक भागांत तिथे लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, जिथे सक्ती नाही तिथेही घालाच.

आमिषाचं गणित वेगळंच. सुपरमार्केटात कच्ची आयात कोळंबी सवलतीत मिळते, आमिषाच्या दुकानातली गोठवलेली पुडी महाग. पण खायची कोळंबी गळाला लावायची नाही. तिच्यातून व्हाइट स्पॉट नावाचा कोळंबीचा रोग पाण्यात पसरू शकतो. २०१६ मध्ये क्वीन्सलंडच्या लोगन नदीकडची कोळंबी शेती त्याने झोपवली, २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये क्लॅरेन्सकडेही तो सापडला. तेव्हा निमूटपणे पुडी घ्या. याहून जास्त जीव जळतो तो पिपीपायी. वाळूत पायाने उकरल्या की निघतात, आपल्या तिसऱ्यांची चुलतबहीणच. एका माणसाला ५० पर्यंत काढता येतात, पण फक्त आमिषाला, आणि भरतीच्या रेषेपासून ५० मीटरच्या पलीकडे न्यायच्या नाहीत. समोर तिसऱ्यांचं सुकं दिसत असताना ते गळाला लावायचं!

मासा मोजायचं स्टिकर पहिल्या दिवशीच घ्या. ब्रीम मासा किमान २५ सेंटिमीटर, सँड व्हायटिंग, म्हणजे आपल्या मुडदुशीच्या कुळातली, २७. फ्लॅटहेड, तो काळपट डस्की, ३६ ते ७० च्या मधलाच ठेवायचा, दिवसाला पाच. ७० च्या वरची मोठी मादी असते, ती अंडी घालायला परत जाऊ द्यायची. नवऱ्याच्या मते हे शेपूट ताणून बसवता येतं. येत नाही, धक्क्यावरचे म्हातारे लोक अधिकाऱ्याच्या आधी बघतात. गळ, तंगूस कुरतडणारा फुगीर मासा लागला तर तो केंडाच्या जातीचा, विषारी. चिमट्याने गळ काढा आणि सोडा.

तर रोलर. पावती आणि रील घेऊन दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, गंज वॉरंटीत बसत नाही. मी खोकं दाखवलं, त्यावर "खाऱ्या आणि गोड्या पाण्यासाठी" छापलेलं. तो म्हणाला, धुवायला हवं होतं. म्हटलं, दरवेळी धुतलंय. मग तो पुन्हा पहिल्या वाक्यावर. इथे एक माहीत असू द्या: कंपनीची वॉरंटी वेगळी आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यातली हमी वेगळी. वस्तू ज्या कामासाठी म्हणून विकली त्या कामाला ती चाललीच पाहिजे, आणि ही जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची आहे, "कंपनीला लिहा" म्हणून हात झटकता येत नाहीत. मी आवाज न चढवता मॅनेजरला बोलवा म्हटलं आणि फेअर ट्रेडिंगकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करीन हे सांगितलं. मॅनेजर आली, तिने रील हातात घेतलं, रोलर नखाने फिरवून पाहिला, फिरला नाही. नवीन रील दिलं. तंगूस मात्र दिला नाही, तो म्हणे "वापरात संपणारा माल". तो विकत घ्यावा लागला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे तेव्हाचे. आता थोडी दुरुस्ती. नवीन रीलचा रोलरही काही आठवड्यांत कुरकुरायला लागला, तेव्हा मी स्क्रू काढून तो उघडला. आत बेअरिंग नाहीच! प्लॅस्टिकचं बुश, म्हणजे साधी नळी, एक वॉशर, बस. तेलाचा थेंबसुद्धा कारखान्यातून दिलेला नाही. शिलाई मशीनचं तेल एक थेंब घातलं, आणि फिरायला लागला. तेव्हापासून दर फेरीनंतर ड्रॅग, म्हणजे किती ओढीला तंगूस सुटेल ते ठरवणारी खुंटी, घट्ट करून नळाच्या बारीक धारेखाली रील धुते, जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं म्हणून. मग पुसायचं, ड्रॅग सैल करायचा, रोलरला थेंब. तंगूस आता गुळगुळीत राहतो, गेल्या खेपेला दोन फ्लॅटहेड रवा लावून तव्यावर आले. रीलला तीन तारे करते. रोलरला शून्यच, कारण तो चालतोय तो माझ्या तेलावर.

बेअरिंगवाला सुटा रोलर मिळतो का म्हणून शोधलं. मिळतो, नऊ डॉलरला. टपालखर्च बारा. नाही मागवला.