भाषण ऐकून ठरवायचं की अधिसूचना वाचून?

परवा वर्ध्याहून भाच्याचा फोन. टायपिंग इन्स्टिट्यूटसाठी पंधरा लॅपटॉप घ्यायचेत. "मामाजी, आता सगळं भारतातच बनणार म्हणतात. थांबू का जरा?"

नागपुरात सीताबर्डीवर लॅपटॉपचं दुकान चालवताना मी दोन्ही करून पाहिलंय. भाषणाला अगदीच नावं ठेवणार नाही. वारं कुठून वाहतंय ते तिथंच कळतं. २०१४ चं 'मेक इन इंडिया', २०२० चं 'आत्मनिर्भर भारत' ज्यानं लक्ष देऊन ऐकलं, त्याला आयातीला कधीतरी चाप बसणार हे समजलं असेलच. पण कधी?

माझं घोडं तिथंच अडलं. भाषणात 'लवकरच' असतं, आणि 'लवकरच' या तारखेला माल भरता येत नाही.

३ ऑगस्ट २०२३ ला विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आली. लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर आयात करायला परवाना, तोही तात्काळ प्रभावानं. दुपारपर्यंत ठोक व्यापाऱ्यानं भाव सांगणंच बंद केलं, अन् मी तर सहा लॅपटॉपचा अ‍ॅडव्हान्स जुन्या भावानं घेऊन बसलेलो! दुसऱ्या दिवशी नवी अधिसूचना: ३१ ऑक्टोबरपर्यंत परवान्याशिवाय चालेल. ऑक्टोबरात परवान्याचं प्रकरण ऑनलाइन नोंदणी करून मंजुरी घेण्यावर आलं.

म्हणजे कागदही फिरतो. एका दिवसात फिरला. पण फिरला तेव्हा त्यावर क्रमांक होता, तारीख होती; ग्राहकापुढे ठेवून "हे बघा जी" म्हणता आलं. भाषणातली ओळ कोणापुढे ठेवणार?

राज्याचंही तसंच. डिसेंबरात अधिवेशन आलं की आपल्या शहरात घोषणांना तोटा नसतो. मी आपला शासन निर्णय निघायची वाट पाहतो, आणि निघाला की आधी लेखाशीर्ष शोधतो. खर्च कुठून भागवायचा ते लिहिलं नसेल, तर मी तरी माल मागवत नाही. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

भाच्याला म्हटलं, बॅच जूनला सुरू होते ना, मग दहा आत्ताच घे. उरलेल्या पाचांसाठी अधिसूचना पाहत राहा. लिंक पाठवली. तासाभरानं त्याचा मेसेज: "मामाजी, हे वाचता वाचता झोप येते."

भाषण ऐकताना येत नाही, हे खरं आहे.