म्युझिकएक्सएमएल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सदाशिव पेठेत दर रविवारी आमची तालीम असते. दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि तालवाले. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) मी लिहितो, आणि ते वर्षानुवर्षं फिनाले या नोटेशनच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत आलो. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले बंद होत असल्याचं जाहीर झालं. जुना गठ्ठा नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचा तर म्युझिकएक्सएमएलच, म्हणजे एका प्रोग्रॅममधलं नोटेशन दुसऱ्यात नेण्याचा फाइल फॉरमॅट.

आधी जमेची बाजू. स्वर, ताल, मात्रा नव्वद टक्के जशाच्या तशा आल्या. हाताने पुन्हा लिहायचं म्हटलं असतं तर मी पेटी वाजवायला लागलो असतो.

आता उरलेले दहा टक्के. एका अंतऱ्यात व्हायोलिनला चार बार तार सप्तकात होते, डोक्यावर 'एक सप्तक वर' अशी खूण. नव्या प्रोग्रॅममध्ये खूण दिसत होती, पण स्वर अख्खं सप्तक खाली. तालमीत व्हायोलिन क्लॅरिनेटच्याच अंगावर येऊन बसलं. घरी येऊन फाइल उघडली (एमएक्सएल, म्हणजे म्युझिकएक्सएमएलची दाबलेली फाइल, ही झिपच, आत साधा मजकूर). या खुणेसाठी फॉरमॅटमध्ये ऑक्टेव्ह-शिफ्ट असा टॅग आहे. खूण 'वर'ची, तरी त्यात लिहायचं 'डाउन'! कारण टॅगला विचारायचं असतं की कागदावरचा स्वर खऱ्या स्वरापेक्षा किती खाली छापलाय. म्हणजे स्वराच्या टॅगात वाजणारा स्वर हवा. जुन्या प्रोग्रॅमने छापलेला घातला होता, नव्याने इमानदारीत आणखी एक सप्तक वजा केलं.

बरं, मग नेहमी वाजणारा स्वरच लिहायचा ना? तर नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला त्याच टॅगात लिहिलेला स्वर जातो आणि 'दोन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली वाजव' हे ट्रान्सपोज टॅगात वेगळं. एकाच खात्यात कधी रोख, कधी उधार. दिवसा हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे झोप लागू देत नाही.

लयीचीही तीच तऱ्हा. सहा-आठच्या दादऱ्यात मी डॉटेड क्वार्टरला (म्हणजे दीड क्वार्टरला) मिनिटाला ६० असं लिहितो. छापायला ते ठीक, पण वाजवण्याचा टेम्पो साध्या क्वार्टरमध्येच मोजायचा असतो, म्हणजे ९०. तिथेही ६० गेलं की दादरा प्रेतयात्रेच्या चालीने निघतो. दोनदा निघालाय.

गाण्याचे शब्द देवनागरीत नीट येतात. जोडाक्षर तुटलं तर फॉन्ट तपासा, फॉरमॅटवर राग काढू नका.

टाकून देणार का? नाही. दुसरं आहेच काय! मात्र प्रत्येक फाइलीबरोबर पीडीएफ पाठवतो, आणि आयात झाली की आधी फक्त सप्तकाच्या खुणा आणि लय बघतो. दुसरं व्हायोलिन वाजवणारी मुलगी तरीही स्टँडवर कागद लावताना विचारतेच, "दादा, आज वरचं की खालचं?"